तीस पावलांची गाडी

मापन कार्यालयात काचेचं नवीन कपाट आलं, आणि त्यात पट्टी मावेना. घटना एवढीच. यात कोणाचाही दोष नव्हता असं पुढे तीन चौकशी समित्यांनी एकमताने ठरवलं, त्यामुळे आपणही तसंच धरून चालू.

पट्टी साधीसुधी नव्हती. रेल्वेचे दोन रूळ एकमेकांपासून किती अंतरावर हवेत, म्हणजे गेज किती हवं, हे सांगणारी ती मूळ पोलादी पट्टी. रूळ टाकणाऱ्या प्रत्येक टोळीकडे तिची एकेक नक्कल असते. नकलेचं एक टोक एका रुळाच्या आतल्या कडेला लावायचं, दुसरं टोक समोरच्या रुळाच्या आतल्या कडेला टेकलं पाहिजे. टेकलं तर रुळांखालच्या पुढच्या आडव्या स्लीपरवर जा, नाही टेकलं तर पहार घ्या. या सगळ्या नकला वर्षातून एकदा मापन कार्यालयात येऊन मूळ पट्टीच्या शेजारी झोपून जात आणि शिक्का घेऊन परत जात. मूळ पट्टीवर मात्र कुणाशेजारी झोपायची पाळी येत नसे. ती मूळ होती.

पूर्वी ती भिंतीत ठोकलेल्या दोन खिळ्यांवर असायची आणि शिपाई तिच्यावर ओला रुमाल वाळत घालायचा. एका वरिष्ठांनी तो रुमाल पाहिला आणि काचेचं कपाट मंजूर झालं. सुतार माप घ्यायला आला, तेव्हा पट्टी गोपनीय असल्यामुळे त्याच्या हातात दिली गेली नाही. त्याने दारातून भिंतीकडे बघून अंदाज बांधला आणि कपाट केलं. ते चार बोटं आखूड निघालं. न मोजता फक्त चार बोटं चुकला, म्हणजे माणूस कसबी होता हे कबूल केलं पाहिजे.

कार्यालयप्रमुखांनी सर्व बाजूंनी विचार केला. कपाट बदलायचं तर नवी मागणी, नवी मंजुरी, आणि आखूड कपाट मुळात ताब्यात का घेतलं याचा खुलासा. पट्टी मात्र त्यांच्याच अखत्यारीत होती. फायलीवर टिप्पणी पडली: 'सदर पट्टीचे कपाटाशी सुसंगतीकरण करण्यात यावे.' मग करवत आली.

शिपाई रुमाल खांद्यावर टाकून बघत होता. तो म्हणाला, "साहेब, बाकीच्यांच्या पट्ट्या हिच्यावरूनच तपासतात ना?"

"हो."

"मग आता सगळ्याच लांब निघतील."

"तपासणी त्यासाठीच असते," साहेब म्हणाले.

त्या वर्षी लांब निघालेल्या पट्ट्यांत सात नंबरच्या टोळीची पट्टी होती. या टोळीचे मुकादम चौतीस वर्षं रूळ टाकत होते. आधी मातीचा भराव, तो ठोकून घट्ट करायचा. त्यावर खडी, आणि तीही गोल गोटे नकोत, फोडलेली, कोपरे असलेली खडी, म्हणजे एकमेकांत अडकून जागची हलत नाही. खडीवर स्लीपर, स्लीपरवर रूळ. दोन रुळांच्या सांध्यात जराशी फट ठेवायची, कारण उन्हात लोखंड लांबतं आणि जागा नसली की साप होऊन वळतं. हे सगळं मुकादमांना झोपेतही सांगता यायचं. त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ते झोपेतच जास्त सांगायचे.

निवृत्तीला चार महिने उरले होते आणि शेवटचं काम नशिबाने मनासारखं मिळालं होतं. त्यांच्या गावापासून लेकीच्या गावापर्यंत नवा रेल्वेमार्ग. लेकीला सातवा महिना लागला होता, डॉक्टरांनी तिला हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. इकडे तिच्या आईच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. बसने जायचं तर डोंगराला वळसा घालून सहा तासांचे धक्के, आणि त्याला गुडघ्यांच्या डॉक्टरांची सक्त मनाई. तेव्हा नातवंडाचं तोंड बघायचं तर या रुळांवरूनच जायचं होतं.

"अहो, आधीच सांगून ठेवते," बायको म्हणाली. "मी इथे बसेन ती तिच्या गावालाच उतरेन. मध्ये उठायला लावलंत तर याद राखा."

"मध्ये कशाला उठतेस? रूळ इथून तिथवर सलग आहेत."

"लग्नाच्या वेळी घरही सलग चार खोल्यांचं सांगितलं होतंत."

मुकादम पहार उचलून कामावर गेले. निम्मं काम झालंच होतं. मार्गाच्या मधोमध एक मोरी आहे, खालून ओढा जातो. तिथपर्यंत रूळ पोचले, आणि नेमकी तेव्हा तपासणीला गेलेली पट्टी परत आली. तिच्या गळ्यात चिठ्ठी होती: 'चार बोटे जास्त आढळली. दुरुस्त केली.'

मुकादमांनी ती स्वतःच टाकलेल्या रुळांवर ठेवून पाहिली. एक टोक टेकलं, दुसरं खडीत पडलं. चौतीस वर्षांत त्यांची पट्टी कधी खडीत पडली नव्हती. ते तसेच पट्टी खांद्यावर टाकून मापन कार्यालयात गेले.

"साहेब, पट्टी खोटी झालीय."

"पट्टी खोटी असूच शकत नाही," कार्यालयप्रमुख शांतपणे म्हणाले. "खरं किती ते पट्टीवरूनच ठरतं."

"मग मी मोरीपर्यंत टाकलेले रूळ?"

"त्याबद्दल तुम्हीच विचार करा. मी तुमच्या जागी असतो तर इतक्या मोठ्याने बोललो नसतो."

"पण चाकं त्याच मापाची आहेत ना साहेब. चाकाची कड रुळाच्या आत बसते. रूळ जवळ आले तर ती कड रुळावर चढणार आणि गाडी खाली येणार."

"चाकं माझ्या विभागात येत नाहीत."

मुकादमांना लेखी आदेश मिळाला: 'यापुढील काम दुरुस्त पट्टीनेच करावे.' दुसरा कोणी असता तर भांडला असता. मुकादम घरी येताना मनात हसत होते, आणि इथेच त्यांची चूक झाली. त्यांचा लोखंडावर विश्वास होता. कागद काहीही म्हणो, लोखंड कुणाचं ऐकत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ठरवलं, आदेशाप्रमाणे एक केसही इकडेतिकडे न करता रूळ टाकायचे. पहिल्याच चाचणीत सगळ्यांचे डोळे उघडतील, मग आठ दिवसांत टोळी लावून एका बाजूचा रूळ चार बोटं बाहेर सरकवू.

त्याप्रमाणे मोरीपलीकडचं काम झालं, तेही देखणं. चाचणीच्या दिवशी वरिष्ठ अभियंता छत्री लावलेल्या ट्रॉलीवर बसून निघाले. मोरीपर्यंत ट्रॉली पाण्यासारखी गेली. मोरीनंतर ती रुळांवर चढली, थोडा वेळ विचार करत तिथेच थांबली आणि डाव्या अंगावर कलंडली. वरिष्ठ अभियंता खडीत बसले. छत्री उघडीच होती.

मुकादम पुढे होऊन म्हणाले, "साहेब, बघितलंत?"

साहेबांनी बघितलं होतं. अहवालात त्यांनी लिहिलं, की ट्रॉली जुनी असून तिची चाके वयोमानाने फाकली आहेत.

तरी मुकादमांनी आशा सोडली नव्हती, कारण पलीकडच्या टोकाला खरी गाडी यायची होती. ती आली, अगदी नवी, कारखान्यातून थेट, ट्रकवर लादून. क्रेनने उचलून रुळांवर ठेवली आणि ती पहिल्याच झटक्यात मोरीपर्यंत सुळकन धावत आली. चाकं रुळांत अशी बसली होती की बघत राहावं. त्याचं कारणही सरळ होतं. कारखान्याचीही एक पट्टी होती आणि तीही त्या वर्षी तपासणीला जाऊन आली होती.

लोखंडाने असा दगा दिला. आता पट्टी बरोबर, नवे रूळ बरोबर, नवी गाडी बरोबर. म्हणजे चूक कोण, हे सांगायला तीन समित्यांची खरं तर गरज नव्हती. मुकादमांना पत्र आलं: 'आपण मार्गाच्या पूर्वार्धातील रूळ चार बोटे सैल टाकल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा करावा.' त्यांनी खुलासा केला, की टाकले तेव्हा पट्टी लांब होती. उलट टपाली उत्तर आलं: 'पट्टी लांब असणे ही सबब होऊ शकत नाही.'

पूर्वार्ध आवळून घ्यावा असं एका समितीने सुचवलं. पण त्याचं दुसरं टोक सगळ्या जुन्या मार्गांना जोडलेलं, तिथून जुन्या गाड्या यायच्या, त्या सगळ्यांची चाकं जुनी. आवळायचं तर सगळंच आवळावं लागलं असतं. दुसऱ्या समितीने म्हटलं, उत्तरार्ध सैल करा. त्याला मापन कार्यालयाने हरकत घेतली, कारण बरोबर असलेलं काम बिघडवण्याची तरतूद नियमात नाही. तिसऱ्या समितीने दोन्ही अहवाल वाचले, दोन्हींशी सहमती दर्शवली आणि मार्ग आहे त्या अवस्थेत सुरू करावा असं ठरवलं. जुनी गाडी मोरीच्या अलीकडे थांबेल. नवी मोरीच्या पलीकडून सुटेल.

आता नियम असा आहे, की रूळ जिथे संपतात तिथे अडथळा उभारायचा आणि अडथळ्यापुढे पंधरा पावलं जागा मोकळी सोडायची. इथे रूळ दोन वेळा संपत होते. अलीकडची पंधरा आणि पलीकडची पंधरा अशी तीस पावलं झाली. तेवढा तुकडा मुकादमांनी स्वतःच्या हातांनी उखडला. खाली कोपरेदार खडी तेवढी राहिली, जी जागची हलत नाही आणि तळव्यालाही हलू देत नाही.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मध्ये उठायचं."

"तीसच पावलं आहेत गं."

"माझे गुडघे पावलं मोजत नाहीत. खडी मोजतात."

पहिल्या आठवड्यात त्या तीस पावलांत सतरा जण पडले. प्रशासनाने याची तातडीने दखल घेतली. लोक का पडतात याचा अभ्यास झाला आणि निष्कर्ष निघाला, की ते शिस्तीत चालत नाहीत, कारण त्यांच्या चालण्याला वेळापत्रकात स्थान नाही. पंधरा दिवसांत पायी विभाग स्थापन झाला. मोरीवरच्या चालण्याला गाडीचा दर्जा मिळाला: तीनशे एक अप पायी आणि तीनशे दोन डाउन पायी. पुढे गार्ड हिरवं निशाण घेऊन चालणार, मागे प्रवासी चौघाचौघांच्या रांगेत. गार्डच्या पुढे जाणं गुन्हा. कठड्याकडच्या जागेसाठी आधी आरक्षण. मधल्या जागेवरून ओढा दिसत नाही, त्याला इलाज नाही. आणीबाणीत ओढायला कठड्याला साखळी बांधण्यात आली; ती विनाकारण ओढणाऱ्याला परत पहिल्या पावलावरून चालावं लागे.

खरी अडचण आली ती अप आणि डाउन एकाच वेळी निघाल्या तेव्हा. मोरी अरुंद. दोन्ही गाड्या मधोमध समोरासमोर आल्या आणि दोन्ही गार्डांनी लाल निशाणं काढली. मागे घ्यायला कोणीच तयार होईना, कारण पायी गाडीला मागचा दिवा नव्हता. चाळीस मिनिटांनी एक अप प्रवासी कठड्यावरून डाउन बाजूला गेला आणि त्याच्यावर विनातिकीट उलटा प्रवास केल्याचा ठपका आला. त्यानंतर मोरीच्या दोन्ही टोकांना सिग्नल बसवले, आणि सिग्नल बसल्यावर रिवाजाप्रमाणे गाड्या उशिरा धावू लागल्या. 'तीनशे एक अप पायी अकरा मिनिटे उशिराने चालत आहे' अशी घोषणा व्हायची. प्रवासी घड्याळ बघून चुकचुकायचे, चहा घ्यायचे आणि समोर तीस पावलांवर उभी असलेली नवी गाडी सुटून जाताना शांतपणे बघायचे.

मुकादम पायी विभागात गेले. तिथल्या अधिकाऱ्याला त्यांनी बायकोच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. अधिकारी सज्जन होता, त्याने खुर्चीही दिली.

"तिला खुर्चीत बसवून माझी चार माणसं पलीकडे नेतील," मुकादम म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"नेता येईल की. पण जे स्वतः चालत नाही ते नियमाप्रमाणे सामान. वजन करावं लागेल, दोरी बांधावी लागेल, चिठ्ठी चिकटवावी लागेल. मोडकं असल्यास तशी नोंद."

मुकादमांनी घरी हे जसंच्या तसं सांगितलं. चौतीस वर्षं नोकरी करून माणसाला काय सांगावं आणि काय गाळावं हे कळत नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं. बायको त्या दिवशी जेवली नाही. "मरेन पण सामान म्हणून जाणार नाही," एवढंच म्हणाली.

नात झाली. फोनवर रडणं ऐकू आलं. मुकादम एकटे जाऊन बघून आले, रांगेत, मधल्या जागेवरून. परत आल्यावर बायकोने विचारलं, "कुणासारखी दिसते?" मुकादमांनी खरं उत्तर दिलं, की गुंडाळलेली होती, नीटसं दिसलं नाही. मग ती माउली भिंतीकडे तोंड करून बसली. तिला नात बघायची होती, बाकी तिचं कुणाकडे काही मागणं नव्हतं.

निवृत्तीला सहा दिवस राहिले असताना विभागात एक नवीन अभियंता बाई आल्या. त्यांनी पर्समधून शिवणकामाची फीत काढली, मोरीच्या दोन्ही बाजूंचे रूळ मोजले आणि मुकादमांना विचारलं, "हे असं कसं हो?"

मुकादमांना भरून आलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"किती दिवस लागतील?" बाईंनी विचारलं.

"पलीकडचा एक रूळ चार बोटं सरकवायचा. वीस दिवस. नव्या गाडीची चाकं बदलायला कारखान्यात महिनाभर. मधले तीस पावलं रूळ मी एका दिवसात घालतो, निवृत्त झालो तरी येऊन घालतो."

"आदेश मी काढते. पण पायी गाडी ही आता प्रवासी सुविधा आहे. सुविधा बंद करायची तर प्रवाशाची लेखी तक्रार लागते, की हिचा त्रास होतो."

"किती तक्रारी?"

"एक पुरे."

"माझ्या बायकोची चालेल?"

"त्यांनी प्रवास केलाय?"

"त्रास होतो म्हणून केला नाही."

"मग त्या प्रवासी नाहीत. आणि तुम्ही कर्मचारी."

एक सही म्हणजे काय मोठंसं, असं मुकादमांना वाटलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, खाली सहीसाठी जागा सोडली आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून मोरीच्या तोंडाशी उभे राहिले. बायकोही हट्टाने आली होती. तिला अलीकडच्या गाडीने आणून बाकावर बसवलं होतं. पलीकडे तीस पावलांवर लेक आणि जावई उभे होते, लेकीच्या हातात गाठोडं होतं. तेही स्वतः चालत नसल्याने नियमाप्रमाणे सामानच होतं, आणि दोरी बांधून चिठ्ठी चिकटवून ते अलीकडे न्यायला लेक तयार नव्हती. तेवढ्यावरून ते कुणासारखं दिसतं हे अजूनही कळत नव्हतं.

लोक मात्र भले होते, मुकादमांना एकानेही झिडकारलं नाही. एक सुटाबुटातले गृहस्थ म्हणाले, "तत्त्वतः तुमचं अगदी बरोबर आहे," आणि तत्त्वतः रांगेत जाऊन उभे राहिले. एक बाई म्हणाल्या, "मला मेली कठड्याकडची जागा मिळायला लागली आत्ता कुठे, आणि तुम्ही बंद करा म्हणता." एका निवृत्त मास्तरांनी अर्ज दोनदा वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि शिक्षण असं कामी आलं पाहिजे म्हणाले. कुणाचे पाय मोकळे होत होते. कुणाची सून पायी विभागात नोकरीला लागली होती. कुणी म्हणालं, आपलं नाव पुढे कशाला. एकाने तर मुकादमांनाच समजावलं, "अहो, आम्ही काय, सवयीची माणसं. उद्या रूळ घातलेत तर सवय मोडेल."

शेवटी एक जण थांबला. त्याने अर्ज हातात घेतला, मुकादमांचं पेन घेतलं, कोपऱ्यात रेघ ओढून चालतं का पाहिलं.

"आधी कुणी केलीय का सही?"

"नाही, तुमचीच पहिली."

"मग असं करा, दुसरी झाली की मला सांगा," तो म्हणाला आणि अर्ज तेवढा परत देऊन रांगेत शिरला.

दुपारचे चार वाजले. पाच वाजता मुकादम मुकादम राहणार नव्हते. बायको बाकावरून सगळं बघत होती. ती उठली.

"तिकीट काढा माझं."

"अगं, खडी आहे."

"दिसतेय मला. तुम्हीच घातलीत ना? मग चांगलीच घातली असणार. काढा तिकीट."

तीनशे एक अप पायी सुटली. बायकोला जागा मधली मिळाली होती. तिने एक हात मुकादमांच्या खांद्यावर ठेवला आणि पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकायला वेळ लागला. चौथ्याला ती थांबली आणि गुडघा हाताने दाबून धरला. गार्डने मागे बघितलं, नियमात नसताना चाल मंद केली आणि निशाण खाली घेतलं. बाराव्या पावलाला तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती बोलत होती लेकीशी, तिथूनच. "नीट धर गं तिला. मान सांभाळ." मागे सगळी गाडी तुंबली होती. एरवी दीड मिनिटाची ती वाट त्या दिवशी एकवीस मिनिटांची झाली. मला कोणी विचारलं तर या रेल्वेवर धावलेली ती एकमेव गाडी होती.

तिसाव्या पावलाला लेकीने गाठोडं तिच्या हातात दिलं. बायकोने वरचं कापड बाजूला केलं, बराच वेळ बघितलं आणि मुकादमांना म्हणाली, "तुमच्यासारखी आहे. बिचारी." मग नात एका हातात धरून तिने दुसरा हात पुढे केला. "आणा तो अर्ज. आता मी प्रवासी आहे." मुकादमांना खिशात पेन सापडेना, तेव्हा जावयाच्या पेनाने तिने सही केली. पाचला सात मिनिटं कमी होती.

अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी अभियंता बाईंच्या टेबलावर पोचला. बाईंनी आदेशाचा मसुदा काढून ठेवला होता, फक्त तारीख घालायची होती. पण त्याच टपालात आणखी एक तक्रार होती. नियमाप्रमाणे एकाच सुविधेबद्दलच्या तक्रारी एकत्र वाचाव्या लागतात, तशा त्या वाचल्या. दुसऱ्या तक्रारीत लिहिलं होतं, की काल तीनशे एक अप पायी एका वृद्ध महिलेमुळे एकवीस मिनिटे रखडली, त्यामुळे नियमित प्रवाशांना असह्य त्रास झाला, तरी अशा व्यक्तींना या गाडीत प्रवेश देऊ नये. खाली एकेचाळीस सह्या होत्या. मोरीवरच, कठड्यावर कागद ठेवून, रांगेत उभ्याउभ्या पाच मिनिटांत झालेल्या.

एकाविरुद्ध एकेचाळीस, हिशेब सोपा होता. पायी गाडी कायम झाली. गुडघे सुस्थितीत असल्याचा दाखला आता तिकिटाबरोबर दाखवावा लागतो. बायकोकडे तो असणं शक्य नाही, म्हणून ती लेकीकडेच राहिली आहे. मुकादम रोज सकाळच्या गाडीने पलीकडे जातात आणि संध्याकाळी परत येतात, घराला कुलूप नको म्हणून. चालताना ते खाली बघतात, खडी कुठे सरकली का.

त्या एकेचाळीस सह्या मी कार्यालयात जाऊन पाहून आलो. बहुतेक घाईच्या आहेत. पहिली मात्र ठसठशीत आहे, खाली दोन रेघा ओढलेल्या, 'आधी कुणी केलीय का' असं न विचारता केलेली. त्या माणसाला मी चांगला ओळखतो. आत्ता ही गोष्ट वाचताना त्याला मुकादमांच्या बायकोचं फार वाईट वाटलं, आणि लोक असे कसे असतात असंही मनात आलं. त्याचं काही नाही. पण पेन मुकादमांचं आहे, आणि ते अजून तुमच्या खिशात आहे.